सावंतवाडीची लाकडी भातुकली

मे महिन्यात गावी गेलो तेव्हा सावंतवाडीच्या चितार आळीतून साडेतीन वर्षांच्या लेकीसाठी लाकडी भातुकली आणि फळांची परडी घेतली. घरातली बॅटरीवरची बाहुली स्वतःच गाते, लेक नुसती बघत बसते. इथे मात्र कुकरची शिट्टी तीच तोंडाने वाजवते, जास्वंदीच्या पाकळ्यांची भाजी करते आणि आजोबांना दटावते, "गरम आहे, फुंकून खा!" इवलं झाकण बोटांच्या चिमटीत धरून नेमकं बसवताना तिची जीभ बाहेर येते, ते तर बघत राहावं असं. केळ्याचा रंग मात्र महिन्याभरात उडाला. तेवढं केळं काढून ठेवलंय. चमचे, वाट्या फार लहान आहेत, दहा महिन्यांचा धाकटा सगळं तोंडात घालतो, म्हणून तो झोपला की मगच आमचा स्वयंपाक सुरू होतो.