रोड बाईकचं लेडीज सीट: आठ महिने बसून झाल्यावर

आधीच सांगते, माझ्या सायकलच्या सीटच्या ब्रँडचं नाव सांगणार नाहीये. मागे एका मैत्रिणीला सांगितलं तर तिनं डोळे झाकून तेच सीट, तेच माप मागवलं, दोन आठवड्यांत काढून ठेवलं आणि वर मलाच बोल लावला. सीटचं चपलेसारखं असतंय, दुसरीच्या पायात छान दिसली म्हणून आपल्याला होत नाही. माझं सीट कुठलं हे कळून तुमचा काही फायदा नाही, ते कसं शोधलं हे कळलं तर कदाचित होईल.

माझं वय 43, ऑफिस कोल्हापुरात शाहूपुरीत, दिवसभर खुर्चीत बसून जीएसटीचं काम. म्हणजे बसायचा सराव तसा भरपूर. आधी साधी हायब्रिड सायकल होती, रंकाळ्याला चक्कर, फार तर कळंब्यापर्यंत. गेल्या वर्षी दिवाळीच्या आधी रोड बाईक घेतली (घरात रोड बाईक म्हटल्यावर सासूबाईंना आधी बुलेटच वाटली होती, पातळ टायरची सायकल बघून त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला). पहिले 10 किलोमीटर स्वर्ग. विसाव्या किलोमीटरला काहीतरी टोचतंय, पंचविसाव्याला आग, आणि घरी आल्यावर आंघोळीचं पाणी लागलं की डोळ्यातून पाणी. हे नीट लिहितेय कारण मला त्या वेळी कुणी नीट सांगितलं नाही. दुखणं दोन प्रकारचं असतं. एक मागचं, बसायच्या दोन हाडांवरचं, ते नवीन माणसाला दोनतीन आठवडे होतंच आणि कमी पण होतं. दुसरं पुढचं, नाजूक जागेचं, म्हणजे आग, सूज, बधीरपणा. हे सवयीनं जात नाही, वाढत जातं. मी हे दोन्ही एकच समजून महिनाभर सोसलं.

ज्या दुकानातून सायकल घेतली तिथं गेले, पण तिथं तिघं पुरुष आणि मी, सांगायचं काय आणि कसं? "सीट जरा लागतंय" एवढंच तोंडातून निघालं. मेकॅनिक म्हणाला, "वहिनी, सीटचं काय नसतंय, सवयीचा भाग हाय, चार आठवडं कळ काढा." पोरगा चांगला आहे, गिअर असे लावून देतो की बोलायचं काम नाही, पण त्याला तरी काय कळणार, त्यानं जेलचं कव्हर दिलं 900 रुपयांना. नवरा त्याच्याही पुढे, म्हणाला, मोटरसायकलच्या सीटवाल्याकडे टाकू, जाड फोम भरून मस्त रेक्झिन मारून देईल. नशीब मी टाकलं नाही.

कारण जेल कव्हरनं झालं काय, पहिले पाच किलोमीटर गादीवर बसल्यासारखं वाटलं आणि पुढचं दुखणं दुप्पट. तेव्हा कारण कळलं नव्हतं, आता कळतंय. मऊ गादीत हाडं खाली रुततात आणि मधलं जेल वर येतं, ते नेमकं जिथं दाब नको तिथं दाबतं. दहा मिनिटांच्या भाजीबाजारापुरतं मऊ सीट चांगलं, दोन तासांना वैरी. हाडाखाली टणकच पाहिजे, मऊ जागेखाली काहीच नको, हे एवढं साधं गणित माझ्या डोक्यात शिरायला दोन हजार रुपये अजून गेले. कारण त्यानंतर मी ते रुंद, स्प्रिंगवालं, 'लेडीज कम्फर्ट' लिहिलेलं सीट घेतलं. मागून चांगलं वीतभर रुंद. ते सरळ पाठीनं बसायच्या सायकलसाठी असतं. रोड बाईकवर आपण पुढे वाकतो, पाय सतत फिरतात, आणि मांड्या दोन्ही बाजूंनी त्या रुंद कडेला घासतात. केर्लीपर्यंत जाऊन आले तर मांडीच्या आतली कातडी सोलली होती. ते सीट आता घरातल्या व्यायामाच्या सायकलला लावलंय, सासूबाई त्यावर बसून मालिका बघतात, खूष आहेत. म्हणजे सीट वाईट नव्हतं.

मग एका रविवारी पन्हाळ्याला जाणाऱ्या ग्रुपमधल्या एकीला वाघबीळच्या चढाच्या आधी चहाला थांबल्यावर सरळ विचारलं. ती हसायला लागली, म्हणाली, "अगं मी पण दोन वर्षं कुणाला सांगत नव्हतो, मला वाटायचं माझंच काहीतरी वेगळं हाय." एवढं ऐकून निम्मं दुखणं तिथंच गेलं. तिनं पुठ्ठ्याचा उपाय सांगितला. किराणा मालाच्या खोक्याचा नालीदार पुठ्ठा घ्यायचा, जिन्याच्या पायरीवर ठेवायचा, पातळ कपड्यात त्यावर बसायचं, टाचा उचलून गुडघे जरा वर घ्यायचे आणि सायकलवर वाकतो तसं पुढे वाकायचं, मिनिटभर. उठल्यावर पुठ्ठ्यावर दोन खड्डे पडतात. दिसत नसतील तर वरून खडू आडवा फिरवायचा, खड्डे कोरे राहतात. एका खड्ड्याच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत मोजायचं. मी जिन्यात हे करत असताना शेजारच्या काकू वरून खाली आल्या, "काय गं, काय झालं?" म्हणाल्या, मी म्हटलं, काही नाही काकू, माप घेतेय. त्यांनी पुढं काही विचारलं नाही, पण त्या दिवसापासून माझ्याकडं जरा वेगळंच बघतात.

माझं माप आलं 128 मिलिमीटर. तीन वेळा घेतलं, एकदा 126 आलं. रोड बाईकवर मध्यम वाकून बसणारीनं त्यात साधारण 20 ते 25 मिळवायचे, जास्त सरळ बसत असाल तर थोडे अजून, अगदी खाली वाकून रेस मारत असाल तर कमी. म्हणजे मला 150 ते 155 च्या आसपास हवं होतं, आणि सायकलबरोबर आलेलं सीट मी पट्टीनं मोजलं तर 140 च्या आत. माझी हाडं त्या सीटच्या कडेवर, थोडी बाहेरच लटकत होती आणि सगळा भार मधल्या मऊ जागेवर. बायकांच्या कमरेचा सांगाडा साधारणपणे रुंद असतो त्यामुळं हे बऱ्याच जणींचं होतं, पण सगळ्यांचं नाही. माझ्या भाचीचं माप 105 आलं आणि तिला तिच्या सायकलबरोबर आलेलं अरुंद सीटच बरोबर बसतं. म्हणून खोक्यावर 'लेडीज' लिहिलंय यावर जाऊ नका, आकडा बघा. चांगल्या कंपन्या एकच मॉडेल 143, 155, 168 अशा रुंदीत काढतात, तो आकडा खालच्या बाजूला किंवा बॉक्सवर छापलेला असतो.

आता सीटच्या मधल्या भोकाबद्दल, म्हणजे नाजूक जागेवर दाब येऊ नये म्हणून मधून कापलेल्या जागेबद्दल. बायकांसाठी वेगळं सीट ही कल्पना नवी नाही. अमेरिकेतल्या जॉर्जिना टेरी यांनी 1985 मध्ये खास बायकांच्या सायकली बनवायची कंपनी काढली आणि नव्वदच्या दशकात मधून कापलेलं सीट बाजारात आणलं. 1997 च्या सुमारास तिकडंच सीटमुळं पुरुषांना त्रास होतो अशी डॉक्टरांची चर्चा मासिकांत आली आणि मग बघता बघता सगळ्यांच्याच सीटला भोकं पडली. बायकांनी सांगितलं तेव्हा सवयीचा भाग होता! असो. 2018 मध्ये स्पेशलाइज्ड या सायकल कंपनीनं 'मिमिक' नावाचा प्रकार आणला, त्यात भोक रिकामं न ठेवता वेगवेगळ्या घनतेचा फोम भरलेला असतो, कारण काही जणींना भोकाच्या कडाच टोचतात आणि सूज त्या भोकात उतरते. हे खरंय, ग्रुपमधल्या एकीला अगदी हेच व्हायचं. मला मोकळं भोक चाललं.

माझं सीट 155 रुंद, आखूड नाकाचं, म्हणजे लांबी 240 च्या आसपास, जुन्या पद्धतीची 270-280 असतात. आखूड नाकाचा फायदा असा की खाली वाकल्यावर पुढं दाबायला नाकच उरत नाही. वरचा थर बोटानं दाबून बघितला तर कडक, घरात कुणाचा विश्वास बसेना की हे आरामाचं आहे. किंमत साडेनऊ हजार. होय. नवऱ्याला मी साडेचार सांगितली.

आणि लावल्यावर पहिल्या दिवशी? तेच दुखणं! जरा कमी, पण तेच. मी रडायचीच बाकी होते. इथं मला खरा धडा मिळाला, की सीट बरोबर असलं तरी चुकीच्या जागी लावलं तर चुकीचंच. तीन गोष्टी बदलाव्या लागल्या. उंची जास्त होती, त्यामुळं पॅडल खाली गेलं की मी कंबर इकडंतिकडं ढकलत होते आणि घासत होते. भिंतीला टेकून टाच पॅडलवर ठेवून बघितलं, पॅडल एकदम खाली असताना पाय ताठ व्हायला पाहिजे आणि कंबर न हलता. 8 मिलिमीटर खाली घेतलं, सीटपोस्टला (सीटखालच्या दांड्याला) काळ्या चिकटपट्टीची खूण केली. मग कल. मोबाईलमधलं लेव्हलचं ॲप सीटवर ठेवून नाक साधारण दोन अंश खाली केलं. आधी उत्साहात पाच अंश केलं होतं, तर पूर्ण राधानगरी रोडला मी घसरगुंडीवरच बसले होते, सगळं वजन हातावर, हळदीपर्यंत तळहात बधीर. आणि तिसरं हँडल. ते इतकं खाली होतं की मला पुढं पसरून बसावं लागत होतं. मेकॅनिकनं स्टेम, म्हणजे हँडल सायकलला जोडणारा तुकडा, उलटा करून दिला, हँडल थोडं वर आलं, खर्च शून्य रुपये. बदल एका वेळी एकच करायचा आणि दोन राईड बघायचं, नाहीतर कशानं बरं वाटलं ते कळत नाही. मी हे सगळं जानेवारीत ऊस ट्रॉल्यांच्या गर्दीत केलं, रोज बॅगेत पाच नंबरची ॲलन की.

फेब्रुवारीच्या मध्यावर एकदा पन्हाळा करून परत शिवाजी पुलावर आले आणि लक्षात आलं की आज सीटचा विचारच आला नाही. मार्चमध्ये राधानगरी जाऊन-येऊन केलं, शंभरच्या वर झालं, मागची हाडं दुखली, पुढं काही नाही. गगनबावडा एप्रिलमध्ये, शेवटच्या टप्प्यात उन्हानं मारलं, सीटनं नाही.

कपड्यांचं पण सांगायला पाहिजे. सायकलिंगच्या पॅडिंगवाल्या शॉर्टच्या आत काही घालायचं नसतं, हे मला दोन महिने माहीत नव्हतं, आतल्या कपड्याची शिवण बरोबर नको तिथं घासते. पॅड बायकांच्या मापाचं घ्या, पुरुषांच्या शॉर्टचं पॅड वेगळ्या जागी जाड असतं. लाज वाटत असेल तर वरून ढगळ ट्रॅकपँट नको, ती सीटच्या नाकात अडकते, मी एकदा सिग्नलला पडता पडता वाचले, लांब कुर्ता पण नको. आता कुणी बघतंय का हे मी बघतच नाही. लांब जायचं असेल तर घासायच्या जागी पेट्रोलियम जेली, परत आल्यावर लगेच शॉर्ट काढून धुवायची, मिसळ खायला थांबलात तरी ओल्या शॉर्टमध्ये तास तास बसू नका. पाळीच्या दिवसांत नेहमीचं पॅड लावून राईड म्हणजे शिक्षाच, मेन्स्ट्रुअल कपनं माझं काम सोपं केलं, ते ज्याचं त्यानं बघावं. आणि गाठ, न उतरणारी सूज, लघवीला जळजळ किंवा राईडनंतरही बधीरपणा राहिला तर सीट बदलत बसू नका, डॉक्टरांकडं जा. मी गेले होते, त्यांनी आधी सायकल बंद करा म्हटलं, मग मी पुठ्ठ्याचं माप सांगितल्यावर जरा रस घेऊन ऐकलं.

कातड्याच्या सीटबद्दल बऱ्याच जणी विचारतात. एका जणीकडं ब्रुक्स कंपनीचं आहे, ती त्यावर जीव टाकते. ते आपल्या कोल्हापुरी चपलेसारखं असतं, सुरुवातीला चावतं, मग आपल्याच आकाराचं होतं. पण चपलेसारखंच त्याला पाणी सोसत नाही, आणि आपल्याकडचा जुलै तुम्हाला माहीतच आहे. ती जूनपासून सीटवर प्लॅस्टिकची पिशवी बांधून फिरते. माझ्याच्यानं नाही झालं ते.

पावसावरून माझ्या सीटची तक्रार. मधल्या भोकातून मागच्या चाकाचं पाणी सरळ वर येतं! हे कुणीच सांगितलं नव्हतं. पहिल्या पावसात पुईखडीपर्यंत गेले आणि आले तेव्हा शॉर्टवर बरोबर भोकाच्या आकाराचा लाल चिखलाचा डाग, घरात शिरताना पर्स मागं धरून आले. आता सीटखाली अडकवायचा प्लॅस्टिकचा छोटा मडगार्ड लावलाय, दीडशे रुपयांचा, पूर्ण थांबत नाही पण निभतं. आठ महिन्यांत डाव्या कडेचं वरचं आवरण भिंतीला घासून खरवडलंय, खालच्या लोखंडी रेलवर क्लॅम्पच्या (सीट धरणाऱ्या पकडीच्या) जवळ बारीक गंज आलाय, आणि जुलैपासून चढावर कुईकुई आवाज यायला लागला. तो सीटचा वाटत होता, पण क्लॅम्पचे बोल्ट काढून पुसून ग्रीस लावल्यावर गेला. म्हणजे वीस दिवस गेला, काल वाघबीळच्या चढाला परत सुरू झालाय.