नागपूरच्या उन्हातला सागवानी डेक: दोन उन्हाळे आणि एका पावसाळ्यानंतर

घराच्या मागच्या अंगणात 16 फूट लांब आणि 12 फूट रुंद असा लाकडी डेक, म्हणजे फळ्यांचा उघडा ओटा, बांधून घेतल्याला आता दोन उन्हाळे, त्यांच्या मधला एक पूर्ण पावसाळा आणि एक हिवाळा झाला आहे. तो रोजच्या वापरात आहे. सकाळचा चहा, पापड-कुरडयांचे वाळवण, संध्याकाळी मुलांचा दंगा आणि रात्री उशिरापर्यंत चालणाऱ्या गप्पा हे सगळे त्याच्यावर होते. बांधण्यापूर्वी जी माहिती मी वाचली ती बहुतेक थंड हवेच्या प्रदेशांतली होती, आणि तिथली मुख्य चिंता बर्फ आणि सततची ओल ही असते. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 अंशांच्या पुढे जाणे ही नित्याची गोष्ट आहे आणि 23 मे 2013 रोजी तर नागपुरात 47.9 अंशांची नोंद झाली होती. त्यामुळे उन्हाने लाकूड जळून जाईल, असेच बहुतेकांनी मला सांगितले. अनुभव वेगळा आला. उन्हाने लाकडाचा रंग जातो, लाकूड जात नाही. डेकला खरा धोका मेमधला कमालीचा कोरडेपणा आणि ऑगस्टमधली ओल यांच्यातल्या हेलकाव्याचा असतो, आणि त्याहूनही मोठा धोका खालच्या काळ्या मातीचा असतो.

म्हणून मातीपासूनच सुरुवात करतो. काळी माती पाणी प्यायली की फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यावर नुसते काँक्रीटचे ठोकळे ठेवून डेक उभा केला, तर पहिल्याच पावसाळ्यात काही ठोकळे वर उचलले जातात, काही खाली राहतात आणि वरची चौकट पिळवटते. आमच्या वस्तीतल्या अनेक कंपाउंड भिंतींना ज्या तिरक्या चिरा दिसतात, त्या याच कारणाने पडलेल्या आहेत. आमच्याकडे 4 फुटांवर पिवळसर मुरूम लागला, तेव्हा 12 खड्डे प्रत्येकी 5 फूट खोल घेतले, म्हणजे पाया मुरमात फूटभर रुतला. खांबांभोवतीची काळी माती परत न लोटता तिथे वाळू भरली, कारण फुगणारी माती खांबाला कवळून वर ओढते आणि वाळू तिला तशी पकड मिळू देत नाही. मिस्त्रींना हे सगळे अति वाटत होते आणि ‘बसायच्या ओट्यासाठी बंगल्याचा पाया कशाला’ असे ते दोनदा म्हणाले. पावसाळ्यानंतर पाण्याची नळी लावून चारही कोपऱ्यांची पातळी तपासली, तेव्हा ती जशीच्या तशी होती. डेक घराच्या भिंतीला कुठेही जोडलेला नाही. मध्ये बोटभर फट आहे, त्यामुळे घराचा पाया आणि डेकचा पाया आपापल्या गतीने बसले तरी एकमेकांना ओढत नाहीत, आणि भिंतीलगत पाणीही साचत नाही.

चौकट लोखंडी आहे. लाकडी तुळया मला नको होत्या, कारण जमिनीपासून दीड फुटावर, सावलीत, ओलसर हवेत असलेले लाकूड म्हणजे वाळवीला आमंत्रणच असते. मुख्य तुळयांना 100 बाय 50 मिलिमीटरचे आणि त्यांच्यावर दर 16 इंचांवर 50 बाय 50 मिलिमीटरचे गॅल्वनाइज्ड, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेले, पाइप वापरले आहेत. गॅल्वनाइज्ड पाइप घेतला म्हणजे गंजाची काळजी मिटली, अशी समजूत सर्रास आढळते. परंतु वेल्डिंग करताना त्या जागचे जस्त जळून जाते आणि गंज नेमका तिथूनच सुरू होतो. प्रत्येक जोड घासून त्यावर जस्तयुक्त रंगाचे दोन हात दिले होते. तरीही दिवाळीच्या सुमारास खाली सरपटत जाऊन टॉर्चने पाहिले, तेव्हा एका आतल्या कोपऱ्यात, जिथे ब्रश नीट पोहोचला नसावा, नखाएवढा तांबूस डाग दिसला. तो खरवडून पुन्हा रंगवला. पाइपांची उघडी तोंडे प्लास्टिकच्या टोपणांनी बंद करणे हे किरकोळ वाटणारे काम मुळीच किरकोळ नाही. एका पाइपाचे टोपण निघाले होते, तर पंधरवड्यात तिथे गांधीलमाश्यांनी घर केले.

पाइपांच्या वरच्या अंगावर ब्युटाइल रबराची चिकटपट्टी लावली आहे. फळी आणि लोखंड यांच्यामध्ये पाणी अडकून राहते, त्यात लाकडातली द्रव्ये उतरतात आणि फळीवर काळे डाग येतात. ते या पट्टीमुळे टळले. स्क्रू 304 प्रतीच्या स्टेनलेस स्टीलचे आहेत. नागपूरला ते पुरते. गोव्यात किंवा कोकणपट्टीत समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात हेच काम असेल, तर गंजाला अधिक दाद न देणारे 316 प्रतीचे घ्यावे लागतील.

आता लाकूड. विदर्भात राहून डेकसाठी परदेशी लाकूड आणणे मला पटले नाही. चंद्रपूर-गडचिरोलीचा साग आपल्या दारात आहे. अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी 2023 मध्ये बल्लारपूरहूनच साग गेला, त्यामुळे त्याच्या गुणवत्तेविषयी वेगळे सांगायला नको. मात्र साग म्हटले की सगळा साग टिकाऊ असतो, हे खरे नाही. टिकतो तो गाभा. सालीलगतचा फिकट, पिवळट पट्टा वाळवी आणि बुरशी अगदी सहज खातात, आणि आरागिरणीतून येणाऱ्या फळ्यांच्या एका कडेला तो हमखास असतो. आमच्या सुतारकाकांनी प्रत्येक फळी उन्हात धरून उलटसुलट पाहिली, कडेला पेन्सिलने रेघ मारली आणि तेवढा पट्टा कापून काढला. हिशेब करताना हे धरून चालावे लागते. एक इंच जाडीने 192 चौरस फुटांना 16 घनफूट लाकूड होते, पण तो पट्टा, गाठी आणि रंध्याखाली जाणारा भाग धरून आम्हाला 22 घनफूट घ्यावे लागले. लाकूड वाळलेले आहे की नाही, हे दुकानदाराच्या शब्दावर सोडू नये. ओलावा मोजण्याचे छोटे यंत्र मिळते, ते टोचून पाहावे आणि आकडा 12 टक्क्यांच्या वर असेल तर थांबावे.

फळ्यांमधल्या फटीवर आमच्याकडे बरीच चर्चा झाली. सुतारकाकांना फट कमी हवी होती, कारण खुर्चीचे पाय आणि नाणी अडकतात. लाकूड लांबीत जवळजवळ बदलत नाही, पण रुंदीत बदलते. मेच्या दुपारी हवेतली आर्द्रता 20 टक्क्यांच्या आसपास असते आणि ऑगस्टमध्ये ती 80 च्या पुढे जाते, तेव्हा 4 इंच रुंदीची सागाची फळी दीड-दोन मिलिमीटर फुगते. अखेर काँक्रीटच्या खांबातल्या रिंगा वळायची 6 मिलिमीटरची सळई तुकडे करून फळ्यांमध्ये धरली आणि तेवढीच फट ठेवली. त्यातला एक तुकडा मी जपून ठेवला आहे. मेमध्ये तो फटीतून सैल खाली पडतो. ऑगस्टमध्ये तोच तुकडा बोटाने दाबूनही आत जात नव्हता. फट 3 मिलिमीटर ठेवली असती, तर पावसाळ्यात पाणी निथळायला जागाच उरली नसती. जिथे दोन फळ्यांची तोंडे जुळतात, तिथे खाली एकाऐवजी दोन पाइप शेजारीशेजारी घेतले आहेत, म्हणजे स्क्रू टोकापासून दीड इंच आत येतो. टोकाला खेटून स्क्रू मारला की फळी चिरतेच. कापलेल्या तोंडांना मेण लावले होते. ज्या दोन फळ्या नंतर कमी करताना ते राहून गेले, नेमक्या त्यांच्याच तोंडाला या उन्हाळ्यात केसासारख्या चिरा आल्या आहेत.

तुलना करता यावी म्हणून नळाकडच्या बाजूची 10 फुटी पट्टी आणि दोन पायऱ्या मुद्दाम डब्ल्यूपीसीच्या, म्हणजे लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक यांच्या मिश्रणाच्या, केल्या. तिला तेल लागत नाही, वाळवी लागत नाही आणि पावसाळ्यात ती फुगलेली दिसत नाही, हे पुरवठादाराचे म्हणणे खरे ठरले. जे त्याने सांगितले नाही, ते असे की ही फळी उन्हाने लांबीत वाढते. जानेवारीच्या पहाटे 10 अंश आणि मेच्या दुपारी पृष्ठभागावर 65 ते 70 अंश, एवढ्या फरकात 3 मीटरची फळी सहा-सात मिलिमीटरने कमीजास्त होते. टोकाला जागा सोडली होती म्हणून निभावले, पण फळ्या धरून ठेवणाऱ्या क्लिपा सरकल्या आणि भर दुपारी अधूनमधून ‘टक्‌’ असा आवाज येतो. गडद तपकिरी रंग एका वर्षात फिका पडून खडूसारखा झाला. ‘हवामानामुळे होणारा बदल हमीत बसत नाही’ असे उत्तर मिळाले. मग उन्हासाठी म्हणून विकलेल्या मालाची हमी नेमकी कशाची असते, हा प्रश्न मी विचारला, त्याला उत्तर मिळाले नाही.

पायाला जाणवणारी उष्णता हा रोजच्या वापरातला सर्वांत मोठा मुद्दा आहे. नवतपात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, दुपारी तीनच्या सुमारास इन्फ्रारेड थर्मामीटरने पाहिले, तेव्हा डब्ल्यूपीसी 69 अंश होती आणि शेजारची राखाडी झालेली सागाची फळी 58 अंश. दोन्हींवर अनवाणी उभे राहता येत नाही, हे स्पष्टच आहे. फरक पडतो तो नंतर: सूर्य घरामागे गेल्यावर साग तासाभरात पाय ठेवण्याजोगा होतो, तर डब्ल्यूपीसी दिवेलागणीनंतरही चटका देते. आमचे अंगण घराच्या पूर्वेला आहे, त्यामुळे दुपारनंतर घराचीच सावली पडते. हाच डेक पश्चिमेला असता, तर कोणत्याही लाकडाने फारसा फरक पडला नसता. एप्रिल ते जूनच्या पहिल्या पावसापर्यंत 75 टक्क्यांची हिरवी शेडनेट ताणतो. ती साडेआठ फूट उंच बांधली आहे, कारण खाली बांधलेली नेट वारा अडवते आणि खाली गरम हवा कोंडते.

येथे आपली एक जुनी सवय आड येते. संध्याकाळी अंगणात पाणी मारल्याशिवाय आमच्याकडे कोणाला बसवत नाही. तापलेल्या फळीवर बादली ओतली की वरचा थर एकदम फुगतो आणि तासाभरात पुन्हा वाळतो. महिनाभर रोज असे केले की वरचे तंतू उभे राहतात आणि पायाला कुसे लागतात. आता फक्त भोवतीच्या मातीवर पाणी मारतो आणि डेकवर पिळलेले फडके फिरवतो. डेझर्ट कूलरही डेकवर ठेवत नाही. कुंड्यांना पाय लावले आहेत, कारण पहिल्या दोन महिन्यांत एका कुंडीखाली जो काळा गोल उमटला, तो अजून गेलेला नाही.

तेलाविषयी. विदर्भात जवस मुबलक, म्हणून साधे जवसाचे तेल लावावे असा सल्ला अनेकांनी दिला. एका कोपऱ्यात लावून पाहिले. ते लवकर सुकत नाही, धूळ धरते आणि पावसाळ्यात त्याच्यावर बुरशीचे काळे ठिपके आले. सुमारे अर्ध्या डेकला बाजारात मिळणारे, रंगद्रव्य असलेले बाहेरच्या लाकडासाठीचे तेल आहे. रंगद्रव्य महत्त्वाचे, कारण अतिनील किरणांना तेच अडवते. पारदर्शक तेलाखाली लाकूड तितक्याच वेगाने राखाडी होते. उरलेल्या अर्ध्या डेकला मात्र मी काहीच लावलेले नाही. तो चंदेरी राखाडी झाला आहे, पण रंध्याचा एक हात मारला की खाली तोच सोनेरी साग निघतो. मला तो राखाडी रंग आवडतो, घरातल्या इतरांना आवडत नाही.

खालच्या जमिनीवर जाड कापड अंथरून वर चार इंच गिट्टी टाकली आहे आणि त्याआधी वाळवीसाठी इमिडाक्लोप्रिड या कीटकनाशकाची फवारणी करून घेतली होती. तरी खांबांवर वाळवीच्या मातीच्या नळ्या चढल्या आहेत का, हे पावसाळ्यात अधूनमधून पाहावेच लागते. सेंट्रिंगच्या, म्हणजे काँक्रीट ओतताना आधाराला लावतात त्या, लाकडाचा एक गुटका कामगारांकडून खाली राहून गेला होता. तो उचलला तेव्हा बाहेरून धड दिसला आणि हातात कागदासारखा चुरला. चारही बाजूंना बारीक जाळी आहे, त्यामुळे उंदीर आत शिरत नाहीत आणि त्यांच्या मागे येणारे सापही. कडुनिंबाच्या निंबोळ्यांचा चिकटा आणि फटींत अडकणारी पाने मात्र कोणत्याही जाळीने थांबत नाहीत. जूनमध्ये दर आठवड्याला पातळ पट्टीने फटी मोकळ्या कराव्या लागतात.

खर्चाचा जवळजवळ निम्मा भाग पाया आणि चौकटीवर गेला आणि तो वरून अजिबात दिसत नाही. कमी खर्चात करायचे असेल, तर डेकचा आकार लहान करावा, पाया उथळ करू नये. ज्यांचे अंगण पश्चिमेला आणि उघडे आहे, त्यांनी आधी मांडव किंवा झाड यांचा विचार करावा. येत्या दसऱ्यानंतर, लाकूड पुरते वाळले की, तेलाचा पुढचा हात देणार आहे आणि त्याच वेळी त्या दोन पायऱ्या काढून सागाच्या करून घेणार आहे. डब्ल्यूपीसीची पट्टी नळाजवळ सतत भिजणाऱ्या जागी तेवढी राहू देईन, कारण तिथे ती सागापेक्षा बरी चालली आहे.