आत्ता घर घ्यावं की दोन वर्षं भाड्यानेच राहावं?

नोकऱ्यांचा भरवसा नसताना घराचा विषय निघाला की घरातच दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, किमती आणखी वाढायच्या आत घेऊन टाकू. दुसरा म्हणतो, थांब, पडतील. भांडण सगळं किमतीवर. मला तो मुद्दाच दुय्यम वाटतो. भाव पडले तरी त्याच घरात राहणाऱ्याचं लगेच काही बिघडत नाही. पगार थांबल्यामुळे पडत्या भावात विकावं लागतं, त्याचं बिघडतं.

आत्ता घेतलं तर

समजा, घर 1,25,000 चं (चलन कुठलंही धरा). पदरचे 25,000, कर्ज 1,00,000. व्याज 8 टक्के, मुदत 20 वर्षं. महिन्याचा हप्ता 836. पहिल्या हप्त्यातले 667 व्याजात जातात, मुद्दल फिटतं जेमतेम 169 चं. 5 वर्षं एकही हप्ता न चुकवता भरलात तरी सुमारे 87,500 बाकी असतात. नेमके तेव्हा भाव 30 टक्क्यांनी उतरलेले असले, तर विकून येणारे 87,500 सगळे बँकेचे. तुमच्या हाती काही नाही.

दुसरी भीती व्याजदराची, आणि ती जास्त खरी. मार्च 2022 ते जुलै 2023 एवढ्यात अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने दर शून्याजवळून 5 टक्क्यांच्या वर नेला. वरचं कर्ज फ्लोटिंग, म्हणजे बाजाराप्रमाणे बदलणाऱ्या दराचं असेल आणि सुरुवातीलाच 8 चं 10 टक्के झालं, तर हप्ता 836 वरून 965 होतो. कधी कधी बँक हप्ता तोच ठेवून मुदत वाढवून देते. ऐकायला बरं वाटतं, पण 10 टक्क्यांनी महिन्याचं व्याजच 833 होतं. मुद्दलाला उरतात 3! त्या चालीने 20 वर्षांचं कर्ज 56 वर्षांवर जातं. म्हणून अशा काळात मी थोडा महाग पडला तरी स्थिर दर घेईन. मुदतीआधी कर्ज फेडलं तर दंड किती, हे मात्र सही करण्याआधी वाचून घ्यायचं.

थांबलं तर

भाड्यातला ताण लहान, पण टोचत राहतो. करार संपत आला की घरमालकाचा फोन नुसता वाजला तरी पोटात गोळा येतो. आम्हाला एकदा दोन महिन्यांत घर खाली करावं लागलं, तेही मुलीचं शाळेचं वर्ष अर्ध्यावर असताना. मात्र पगार कमी झाला तर लहान घरात जाता येतं, दुसऱ्या गावी नोकरी मिळाली तर बॅगा भरून निघता येतं.

'भाडं म्हणजे पाण्यात गेलेला पैसा' हे वाक्य मला पटत नाही. व्याजाचे 667 तरी कुठे परत येतात? वर दुरुस्ती आणि कर आहेतच. भाड्याची तुलना व्याज आणि या खर्चाशी करा, अख्ख्या हप्त्याशी नको. पण भाडं आणि हप्ता यांतला फरक दर महिन्याला खरोखर बाजूला पडला, तरच थांबण्याला अर्थ. आणि स्वस्ताईची वाट बघणाऱ्यांनी हेही धरावं, की भाव पडतात तेव्हा बँकाही बऱ्याचदा हात आखडता घेतात.

सगळं भरून झाल्यावरही हप्त्यासकट 6 महिन्यांचा खर्च हाताशी उरत असेल, तर मी घ्या म्हणेन. दोघं कमावते पण एकाच क्षेत्रात असाल, तर वर्षाचा धरा; तिथे मंदी आली तर दोन्ही पगारांवर एकदमच येते.

ठरत नसेल तर सराव करा. भाडं 450 असेल, तर 836 च्या हप्त्यातले उरलेले 386 पगाराच्या दिवशीच वेगळ्या खात्यात टाका आणि 6 महिने तसं जगून बघा. आम्ही केलं होतं. पहिले दोन महिने मजेत गेले. तिसऱ्या महिन्यात गाडीचं इंजिन बसलं आणि त्या खात्याला हात लावावा लागला. घर आम्ही त्या वर्षी घेतलं नाही.