‘माल आम्हीच उचलतो’ म्हणणाऱ्यांनी ९५,२५० ला बुडवलं

कोल्हापुरात कुणी ‘फ्यूज्ड ग्लास (काचेचे तुकडे भट्टीत वितळवून एकजीव करायचं काम) शिकवतो, भट्टी देतो, तयार माल आम्हीच उचलतो’ म्हणालं, तर फोन ठेवा.

भट्टीचे ६८,५००, काचेच्या किटचे २१,७५०, नोंदणीचे ५,०००. एका पेंडंटमागे १८० रुपये मिळणार होते. बाकी प्रकार तुम्हाला माहीतच आहे: राजारामपुरीत हॉल, चहा-बिस्किटं, ‘शेवटच्या दोनच जागा’.

डोक्यात जाते ती त्यातली पारदर्शक काच. कागदावर छापलेलं, सी.ओ.ई. ९०. तापल्यावर काच किती पसरते त्याचा हा आकडा. वरच्या-खालच्या काचेचा जुळला नाही, तर निवताना ओढाताण होऊन तुकडा तडकतो. हे त्यांनीच शिकवलेलं! तो काचेचा ताव मी उजेडात आडवा धरला, तर कड हिरवट. घरातल्या खिडकीच्या काचेची असते, अगदी तशी. मी शिकवणाऱ्याला विचारलंसुद्धा. ‘वहिनी, इंपोर्टेड माल, कडेला येतोच असा रंग.’ रंगीत तुकडे अस्सल होते, मग कशाला संशय येतोय? तिथंच किट त्याच्या तोंडावर मारायला हवं होतं.

खाली साधी फ्लोट, म्हणजे खिडकीचीच काच, आकडा ८३ च्या आसपास. तडकणारच. आणि तडकलं की ‘तुमचं फायरिंग चुकलं’, माल नापास, १८० रुपये द्यायचा प्रश्नच नाही. मी आपली ४८२ अंशांवर ॲनीलिंगची, म्हणजे काच सावकाश निववायची वेळ वाढवत बसलेय, वीजबिल फुगतंय. काही पेंडंट धड निघाली, तीही नंतर फडताळात आपोआप टचकन फुटली.

पोलीस ठाण्यात हवालदारानं एक पेंडंट उलटंसुलटं करून पाहिलं. ‘झ्याक हाय की ओ. मग फसवलं कुठं?’ वस्तू मिळाली म्हणजे दिवाणी मामला म्हणे. सायबरवाले म्हणाले, समोर बसून पैसे दिलेत, आमच्याकडं येत नाही. बँकेत, ‘पिन तुम्हीच टाकलाय.’ ग्राहक तक्रारीला पक्कं बिल मागतात. अहो, पक्कं बिल देणारा माणूस असता तर मी इथं कशाला आले असते? वर एका साहेबांचा प्रश्न, ‘मिस्टरांना विचारलं नव्हतं काय?’ त्याचं कलम कुठलं, तेही सांगा म्हणावं.

काच घेताना प्रत्येक रंगाचा तुकडा त्याच पारदर्शक काचेवर वितळवून, निवल्यावर दोन पोलराइज्ड फिल्टर (एकाच दिशेचा उजेड सोडणाऱ्या फिती) एकमेकांवर काळोख होईल असे फिरवून त्यांच्यामध्ये धरा. जोडाभोवती उजेड चमकला तर ती काच परत करा. भट्टी घ्यायच्या आधी उद्यमनगरातल्या एखाद्या फौंड्रीवाल्याला दाखवा, भट्टी कळणारी माणसं आपल्या गावात पुष्कळ आहेत. जीएसटी बिलाशिवाय रुपया सोडू नका. ऑनलाइन पैसे गेले असतील तर त्याच घडीला सायबर हेल्पलाइन १९३० लावा, घरात चर्चा नंतर.

आता सांगलीत नवीन बॅच घेतायत. नंबर बदललाय, मोरपिशी पेंडंटचा फोटो तोच आहे.