चार रात्रींची सिंगापूर क्रूझ : एका निवृत्त वाहतूक नियंत्रकाचा अहवाल

एकतीस वर्षं एस.टी.त काढली, त्यातली शेवटची नऊ दापोली आगारात वाहतूक नियंत्रक म्हणून. त्यामुळे कुठलंही वाहन दिसलं की माझी नजर आधी तीन गोष्टींवर जाते. सुटतं कधी, माणसं चढवतात कशी आणि बसायला जागा कुठे मिळते. यंदा फेब्रुवारीत मुलीने आम्हा दोघांना सिंगापूरहून सुटणाऱ्या क्रूझवर धाडलं. सोबत नाशिकचे साडू आणि मेव्हणी. सिंगापूर, मलेशियातलं पेनांग, थायलंडमधलं फुकेत, मग एक अख्खा दिवस समुद्रात आणि परत सिंगापूर. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण कुरकुर बरीच करणार आहे. शिवाय तिथून अशा फेऱ्या करणाऱ्या कंपन्या एकाहून जास्त आहेत.

निकाल आधीच सांगून टाकतो. जहाज झकास, बंदरं नावापुरती. पैसे वसूल होतात ते जहाजावर. बंदरांची यादी बघून तिकीट काढाल तर माझ्यासारखे चिडाल.

चढण्याची व्यवस्था मात्र वाखाणण्यासारखी. सिंगापूरला मरीना बे क्रूझ सेंटर म्हणून धक्का आहे, मेट्रोचं मरीना साउथ पियर स्टेशन अगदी जवळ. साधारण चार हजार माणसं एका दुपारी चढवायची होती. प्रत्येकाला येण्याची वेळ आधीच नेमून दिलेली. मोठ्या बॅगा दारातच घेतात आणि संध्याकाळपर्यंत केबिनच्या बाहेर आणून ठेवतात. म्हणून औषधं, चष्मा, कागदपत्रं आणि एक कपड्यांचा जोड हातातल्या पिशवीतच ठेवा. आमची एक बॅग रात्री साडेआठला आली. सौ. तोवर प्रवासातल्याच साडीवर जेवायला बसल्या आणि ते मला अजून ऐकवतात. बॅग उशिरा यायचं कारण त्यांनीच भरलेली छोटी इस्त्री आणि एक्स्टेन्शन बोर्ड. आगीच्या भीतीने दोन्ही वस्तूंना जहाजावर बंदी आहे. पावती दिली, शेवटच्या दिवशी परत मिळाल्या. चिवडा-लाडवांना कोणी हात लावला नाही.

व्हिसाचं एक महत्त्वाचं. जहाज सिंगापूर सोडून परत सिंगापूरलाच येतं, म्हणजे तुम्ही त्या देशात दोनदा शिरता. व्हिसा एकापेक्षा जास्त वेळा प्रवेशाचा आहे ना, ते बघून घ्या. सिंगापूरचं अरायव्हल कार्डही दोनदा भरायचं. ते सरकारी संकेतस्थळावर फुकट भरता येतं, पैसे मागणारी संकेतस्थळं दलालांची. मलेशिया आणि थायलंडला आमच्या वेळी भारतीयांना व्हिसा लागला नाही, पण ऑनलाइन फॉर्म होते. हे नियम बदलत असतात, निघायच्या आठवड्यात स्वतः बघा.

आता केबिन. एस.टी.चा जाणता प्रवासी मागच्या चाकावरची सीट कधी घेत नाही, दोन चाकांच्या मधली धरतो. जहाजाचंही तेच. नाकाकडे आणि वरच्या मजल्यांवर हेलकावे जास्त, मध्यावर आणि खालच्या बाजूला कमी. आम्ही सगळ्यात स्वस्त तिकीट घेतलं, ज्यात केबिन कुठली ते कंपनी ठरवते. मिळाली बरोबर मध्यावर, मी खूश. पण बरोबर डोक्यावर बुफेचा हॉल. पहाटे साडेपाचला खुर्च्या सरकवायला सुरुवात, चारही दिवस. तेव्हा थोडे जास्त पैसे द्या, जहाजाचा नकाशा उघडा आणि जिच्या वर-खाली दोन्हीकडे केबिनच आहेत अशी जागा मागून घ्या.

आमची केबिन आतली, बिनखिडकीची. दिवा घालवला की असा मिट्ट काळोख की दिवस की रात्र कळत नाही. खुर्च्या नसत्या तर दहापर्यंत झोपलो असतो. दुसऱ्या दिवशी सफाईवाल्या पोऱ्याने युक्ती सांगितली. टीव्हीवर एक चॅनल जहाजाच्या नाकावरच्या कॅमेऱ्याचं असतं. आवाज बंद करून ते रात्रभर लावून ठेवायचं, उजाडलं की खोलीत उजेड. फुकटची खिडकी. संडासाचं मात्र सांगून ठेवतो. बटण दाबलं की लेलँडचा एअर ब्रेक सुटावा तसा फुस्सकन आवाज येतो. पहिल्या वेळी मी दार उघडून बाहेरच आलो.

साडूंनी दीडपट पैसे मोजून बाल्कनीची केबिन घेतली होती. चार दिवसांत तिथे बसले असतील दोन तास, आणि त्यातला एक तास मेव्हणीबाईंनी कठड्यावर ओले टॉवेल टाकले म्हणून मॅनेजरशी बोलण्यात गेला. कपडे बाहेर वाळत घालायला मनाई आहे, वाऱ्याने उडून कुठेही जातात. समुद्र बघायला वरचे मजले सगळ्यांना मोकळे आहेत. मी पुन्हा गेलो तरी आतलीच घेईन.

आमच्या पिढीला बोट म्हटली की बोट लागणं आठवतं. लहानपणी भाऊच्या धक्क्यावरून हर्णैला येताना आई आम्हा भावंडांना लिंबू हुंगायला देऊन ओळीने झोपवायची. इथे तसलं काही नाही. पोटाशी दोन्ही बाजूंना माशाच्या परांसारखी पाती असतात, ती डुलणं आवरतात. आणि मलाक्काची सामुद्रधुनी म्हणजे एका बाजूला मलेशिया, दुसऱ्या बाजूला सुमात्रा, मधलं पाणी बरंच शांत. सौ.नी आणलेली आवळा सुपारी आम्ही नुसती जेवणानंतर खाल्ली. पहिल्यांदाच जाणार असाल आणि पोटाची धास्ती असेल, तर हा मार्ग बरा.

सुटण्याआधी सुरक्षेची कवायत असते. चढताना प्रत्येकाला जहाजाचं एक कार्ड मिळतं, त्यावर एक अक्षर छापलेलं असतं, त्या जागी जाऊन हजेरी लावायची. सात छोटे भोंगे आणि एक लांब, म्हणजे धोका. निम्मी मंडळी कंटाळलेली, साडू म्हणाले, "अहो, कार्ड स्कॅन केलं की झालं, चला." मी हललो नाही. आमच्या घरात बोट म्हटलं की आजी 'रामदास'ची गोष्ट काढायची. १७ जुलै १९४७ला भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ती बोट बुडाली आणि सहाशेच्या वर माणसं गेली. इतकं मागे कशाला, २०१२ साली इटलीच्या किनाऱ्यालगत कोस्टा कॉनकॉर्डिया कलंडली तेव्हा त्याच दिवशी चढलेल्या कित्येकांची कवायत झालेलीच नव्हती, कारण ती चोवीस तासांत उरकली तरी चालत असे. त्यानंतर नियम बदलला, आता सुटण्याआधी किंवा सुटल्याबरोबर. तेव्हा दहा मिनिटं उभे राहा. आपली जीवरक्षक बोट कुठे टांगलीय ते डोळ्यांनी बघून ठेवा.

जेवण. आम्ही मासे खाणारे, साडू कांदा-लसणाशीही बेताने वागणारे. तिकीट काढतानाच शाकाहारी लिहिलं होतं, तरी पहिल्या रात्री व्हेज सूपमध्ये मासळीचा वास आलाच. साडूंनी चमचा ठेवला. वाढणारा पोरगा मडगावकडचा निघाला. आमचं बोलणं ऐकून जवळ आला आणि कोकणी-मराठीत म्हणाला, "काका, तुम्ही मेन्यू बघू नका, मला आदल्या रात्री सांगा." दुसऱ्या दिवसापासून डाळ, भात, फुलके आणि एक सुकी भाजी न चुकता. गोव्यात जहाजावर काम करणाऱ्याला तारवटी म्हणतात. याचे वडीलही तारवटीच होते. महिनोन् महिने घराबाहेर, मग सुट्टी, मग पुन्हा जहाज. बुफेमध्ये पस्तीस पदार्थ मांडलेले असतात, पण बसून वाढतात त्या हॉलमध्ये जा, एकच टेबल धरा आणि आपलं माणूस शोधा. मासे म्हणाल तर सॅमन आणि सॅमन. बांगड्याची आठवण काढत चार दिवस काढले.

त्या पोरानेच टिपचं गणित समजावलं, जे एजंटाने नीट सांगितलं नव्हतं. तिकिटाशिवाय माणशी दिवसाला साधारण १८ डॉलर सेवेचे म्हणून खात्यावर लागतात. दोघांचे चार रात्रींचे १४४ डॉलर, म्हणजे साडेबारा हजारांच्या आसपास. वर वाय-फाय वेगळं, शीतपेयं वेगळी, खास हॉटेलं वेगळी. रोख चालत नाही, सगळं त्या एका कार्डावर, म्हणून खर्च झाल्यासारखा वाटतच नाही. रोज रात्री टीव्हीवर आपलं खातं बघा. आम्ही वाय-फाय घेतलं नाही, मुलीला बंदरावरून फोन केला. मात्र निघताक्षणी मोबाइल विमान मोडवर टाका, नाहीतर जहाजाचं नेटवर्क पकडतो आणि बिल डोळे पांढरे करतं.

पेनांगला जहाज दुपारी दोनला लागलं, ते जॉर्ज टाऊनच्या अगदी कुशीत. स्वेटनहॅम पियरमधून बाहेर पडलं की शहर सुरू. पण चार हजार माणसं आणि पासपोर्टाच्या खिडक्या मोजक्या. बाहेर पडायला आम्हाला एक तास वीस मिनिटं लागली. गणपतीत चाकरमान्यांच्या जादा गाड्या सोडलेल्या माणसाला अशी रांग बघवत नाही. कुठल्या खिडकीला कोणी जायचं हे सांगायला एक माणूस नाही! उरलेल्या वेळात चालत जे झालं ते केलं. राणी व्हिक्टोरियाच्या राज्याला साठ वर्षं झाली म्हणून बांधलेला साठ फुटी घड्याळाचा मनोरा, कॉर्नवॉलिस किल्ल्याची बाहेरची भिंत, मग लिटल इंडिया. तिथे १८३३ सालचं महामारियम्मन देऊळ आहे. साडूंनी समोरच केळीच्या पानावर दोनदा भात घेतला आणि पेनांग पावलं म्हणाले. पेनांग हिलची रेल्वे, केक लोक सी मंदिर हे सगळं राहिलं. एवढ्या वेळात त्यांच्या नादी लागूही नका.

फुकेतला आम्ही दोघं उतरलोच नाही, आणि हा सहलीतला सगळ्यात शहाणपणाचा निर्णय. जहाज पातोंगच्या उपसागरात लांब उभं राहतं, छोट्या बोटींतून किनाऱ्यावर नेतात. बघितल्याबरोबर मला हर्णै आठवलं. तिथेही आगबोट खोल पाण्यात थांबायची आणि पडावातून उतरावं लागायचं. वडील आधी सामान टाकायचे, मग आम्हाला. तेव्हा आईच्या हातातला माझा दंड निळा पडायचा. इथे पोऱ्या हात देतो आणि "वेलकम" म्हणतो, एवढाच फरक. माणसं उतरून गेल्यावर जहाज आमचं. एरवी जिथे खुर्चीवर टॉवेल टाकून जागा अडवतात, त्या पोहण्याच्या तलावाशी आम्ही आणि एक म्हातारं चिनी जोडपं. सौ.नी आयुष्यात पहिल्यांदा गरम पाण्याच्या टाकीत पाय सोडले आणि तासभर काढलेच नाहीत.

साडू-मेव्हणी मात्र गेले, तेही जहाजाची सहल महाग म्हणून बाहेरच्या टॅक्सीने. जहाजाच्या सहलीला उशीर झाला तर जहाज थांबतं. तुम्ही स्वतः गेलात तर थांबत नाही. हे त्यांना ठाऊक होतं. घोटाळा वेगळाच झाला. जहाज सिंगापूरच्या वेळेवर चालत होतं, थायलंडची वेळ त्याच्या एक तास मागे. किनाऱ्याला लागताच साडूंच्या मोबाइलने आपल्या मर्जीने थायलंडची वेळ घेतली. शेवटची बोट जहाजाच्या घड्याळात पाचला. साडूंच्या मोबाइलात तेव्हा चार. ते निवांत शहाळं पीत होते.

पावणेपाचला मी कठड्याशी उभा, येणाऱ्या प्रत्येक बोटीत साडूंची पांढरी टोपी शोधतोय. फोन लागत नाही. सौ.चा जीव वरखाली. पाच वाजून गेले. त्याच सुमारास, साडूंनी नंतर सांगितलं, शेजारच्या बाकावरून जहाजाचं कार्ड गळ्यात घातलेलं कोणी उठून पळताना दिसलं म्हणून मेव्हणीबाईंनी विचारलं, "अहो, हा का पळतोय?" त्या एका प्रश्नावर दोघं वाचली. रांग लांब होती म्हणून शेवटची बोट बारा मिनिटं उशिरा सुटली, तीत ती दोघं शहाळ्यासकट. नशीब, मी त्या धक्क्यावर नियंत्रक नव्हतो. मी पाचच्या ठोक्याला शिट्टी मारली असती.

समुद्रातला दिवस सगळ्यात सुखाचा गेला. ना रांग, ना पासपोर्ट. सकाळी वरच्या मजल्यावर फेऱ्या मारल्या, दुपारी नाट्यगृहात कसरती बघितल्या, बाकी वेळ पाणी आणि ये-जा करणारी मालवाहू जहाजं. सामुद्रधुनीत ती एस.टी. स्टँडवर गाड्या लागाव्यात तशी एकामागे एक असतात. मी तासात एकोणीस मोजली. वेग विचारला तर वीस नॉट, म्हणजे ताशी सदतीस किलोमीटर. खेडच्या घाटातला आमचा लाल डबा बरा. पण डब्यात गरम पाण्याची टाकी नव्हती.

चार रात्री, दोन बंदरं असला मार्ग पुन्हा निवडणार नाही. एकच बंदर आणि समुद्रातले दोन दिवस असतील तर मुलीला आनंदाने होकार देईन. दहापैकी सात. तीन गुण कापले, त्यातला एक खुर्च्यांचा.

साडूंनी त्याच समुद्रातल्या दिवशी जहाजावरच्या दुकानातून मनगटी घड्याळ घेतलं आणि तिथल्या तिथे जहाजाची वेळ लावली. ती अजून बदललेली नाही. परवा नाशिकहून फोन आला, "झोपला होतात का? साडेदहा वाजून गेले ना." माझ्याकडे आठ वाजत होते.