स्टेम सेल म्हणून हातातलंच रक्त जबड्यात

कापसाचे पैसे हाती आले की आमच्या केळापूर तालुक्यात विकणारेही येतात. यंदा दात विकणारे आले.

समाजमंदिरात मोफत दंत तपासणी शिबिर. पांढरे कोट, लॅपटॉप आणि पडद्यावर उंदराच्या जबड्यात हाड भरून येतानाचा व्हिडिओ. मोठ्या बाबांचे खालचे दात खर्र्यानं, म्हणजे तंबाखू-सुपारीच्या मिश्रणानं, गेलेले. हाड इतकं झिजलं होतं की इम्प्लांटचा स्क्रू बसणार नाही, असं पांढरकवड्याच्या डॉक्टरनं आधीच सांगितलं होतं. शिबिरवाल्यानं नेमकं तेच धरलं. "काका, नॅनोफायबरची जाळी टाकतो, त्यात तुमच्याच स्टेम सेल पेरतो. हाड येईल, दातही येतील." स्टेम सेल म्हणजे ज्यांपासून शरीरातल्या वेगवेगळ्या पेशी तयार होऊ शकतात अशा मूळ पेशी. पंचेचाळीस हजार, सगळे आधी. मोठे बाबा मला म्हणाले, "पऱ्हाटी उगवते, तं दात काउन नाही उगवणार?"

हातातून रक्त काढलं, छोट्या मशीनमध्ये गरगर फिरवलं. थोड्या वेळात जेलीसारखा पिवळसर गोळा निघाला. तो एका पांढऱ्या पातळ पडद्याखाली ठेवून हिरडी शिवली. जखम छान भरली. पुढं हाड नाही, दात नाही आणि फोनही बंद.

नागपूरच्या सरकारी दंत रुग्णालयात फोटो दाखवले, तेव्हा तिथल्या डॉक्टर मॅडमनी गोळा लगेच ओळखला. तो पीआरएफ, म्हणजे आपल्याच रक्तातल्या प्लेटलेट्स आणि फायब्रिन या रक्त गोठवणाऱ्या प्रथिनाची गुठळी. २००१ साली फ्रान्समध्ये निघालेली ही पद्धत खरी आहे, जखम भरायला मदत करते, दातांच्या दवाखान्यांत सर्रास वापरतात. पण ती स्टेम सेल थेरपी नव्हे. हाडासाठीच्या स्टेम सेल अस्थिमज्जेतून नाहीतर दाताच्या गरातून घेतात आणि प्रयोगशाळेत वाढवायला त्यांना आठवडे लागतात. चहा होईस्तोवर त्या तयार होत नाहीत. पडदा बहुधा साध्या कोलॅजन या प्रथिनाचा होता, नॅनोफायबरचा नव्हे.

संशोधन खोटं नाही, म्हणूनच ही थाप पचते. पॉलिमरचं द्रावण उच्च दाबाच्या विजेनं ओढून केसापेक्षा शेकडो पट बारीक धागे, म्हणजेच नॅनोफायबर, काढतात, त्यांच्या जाळीवर पेशी चिकटतात, हाड धरतात. पण यातलं बरंचसं काम प्राण्यांवरचं आहे. चीनमध्ये दुधाच्या दातांतल्या पेशी वापरून मुलांच्या दुखावलेल्या दातांत आतला गर पुन्हा तयार झाला, ते निष्कर्ष २०१८ साली छापून आले. गर, अख्खा दात नव्हे. स्टेम सेलपासून माणसाच्या तोंडात अख्खा दात अजून कुणी उगवलेला नाही.

आयसीएमआर या वैद्यकीय संशोधनाच्या केंद्रीय संस्थेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे रक्ताचे काही आजार वगळता स्टेम सेलचा उपचार फक्त वैद्यकीय चाचणीतच करता येतो आणि त्याचे पैसे रुग्णाकडून घेता येत नाहीत. चाचणीची नोंद सीटीआरआय या देशातल्या वैद्यकीय चाचण्यांच्या नोंदवहीच्या संकेतस्थळावर कुणालाही बघता येते. म्हणून कुणी असं काही विकायला आला, तर आधी नोंदणी क्रमांक मागा. आमच्या पावतीवर तर फक्त 'डेंटल मटेरियल' लिहिलंय, स्टेम सेलचं नावही नाही. फसवणाऱ्याचं डोकं तिथं दिसतं.

मोठ्या बाबांना आता साधी कवळी बसवली आहे, ज्वारीची भाकर दुधात मोडून खातात. पोलिसांत आणि राज्य दंत परिषदेकडे तक्रार दिली आहे. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवरही नोंदवता येते. आसपासच्या गावांतून त्याच शिबिरात पैसे भरलेल्यांनी पावती, यूपीआयचे स्क्रीनशॉट आणि शिबिराचं पत्रक फेकू नका. एकट्याच्या तक्रारीवर ठाण्यात "दवाखान्याचं आपसात मिटवा" असंच ऐकायला मिळतं.