सेसना १७२ सोबत दुसरं विमान कोणतं: आर्चर की सेनेका?

सीपीएल (व्यावसायिक पायलटचं लायसन्स) हातात आहे, एअरलाइनच्या बोलावण्याची वाट बघत तुम्ही ठाण्यात बसला आहात आणि हात गंजू द्यायचा नाही. नवी मुंबईचा विमानतळ सुरू झाला खरा, पण तो एअरलाइनवाल्यांचा. सर्किटं मारायला, म्हणजे धावपट्टीभोवती फेऱ्या घेत टेकऑफ-लँडिंगचा सराव करायला, कसारा घाट चढून धुळे, नाहीतर बारामती गाठणं आलंच. त्या मोजक्या फेऱ्यांत दोन विमानं सांभाळायची कशी?

सेसना १७२ पक्कं धरू. जोडीला पायपर आर्चर घेतलंत तर कागदावर फारसा फरक दिसत नाही: दोन्ही चार सीटची, १७२एस आणि आर्चर दोन्ही १८० हॉर्सपॉवरची. गोची तिथेच आहे. १७२ मध्ये इंधनाचा सिलेक्टर (कोणत्या टाकीतून इंधन घ्यायचं ते ठरवणारा खटका) 'बोथ'वर, म्हणजे दोन्ही टाक्यांवर, ठेवला की डोक्याला ताप नाही. आर्चरला 'बोथ' नाहीच. कधी डावी टाकी, कधी उजवी, आणि बदलताना इलेक्ट्रिक पंप चालू. सिलेक्टर सापडतो तोही दोन सीटांच्या मधे खाली नव्हे, तर पायलटच्या डाव्या पायाशेजारच्या भिंतीवर. १७२एसला फ्युएल इंजेक्शन, आर्चरला कार्ब्युरेटर, म्हणजे दमट हवेत कार्ब हीटचं (कार्ब्युरेटरमध्ये बर्फ धरू नये म्हणून सोडायच्या गरम हवेचं) भान हवं. आर्चरच्या फ्लॅपला (उतरताना पंखांमागे खाली येणाऱ्या पट्ट्यांना) स्विच नाही, हाताने ओढायचा लिव्हर. इंजिन बंद पडलं तर ग्लाइडचा वेग १७२एसचा ६८ नॉट, आर्चरचा ७६. घाईत हात जुन्याच जागी जातो.

सेनेकाचं उलट. दोन इंजिनं, आत जाणारी चाकं, प्रॉपेलरचे वेगळे लिव्हर. १७२ समजून कोणी ते उडवणार नाही. पण खर्च डोळे पांढरे करतो, आणि एक इंजिन गेल्यावरची कसरत (कोणतं गेलं ते ओळखा, खात्री करा, मगच फेदर, म्हणजे बंद इंजिनाच्या प्रॉपेलरची पाती वाऱ्याला कमीत कमी अडतील अशी वळवा) सगळ्यात आधी विसरते. ९० दिवसांत ३ टेकऑफ आणि ३ लँडिंग ही नियमातली अट दोन्ही इंजिनं धडधडत असतानाही पुरी होते. त्या कसरतीचा सराव त्यात येत नाही. त्यातून पावसाळा लागला की ते ९० दिवस कधी सरतात कळतही नाही.

एअरलाइनच गाठायची असेल तर माझं मत सेनेकाला: मल्टी-इंजिनचा हात जिवंत राहतो. मात्र दरवेळी इन्स्ट्रक्टर शेजारी, आणि निम्मा वेळ एका इंजिनवर. मधल्या दिवसांत घोडबंदरच्या फ्लॅटमध्ये भिंतीवर कॉकपिटचं पोस्टर लावून चेकलिस्ट म्हणा, शेजारी हसले तरी चालेल. आर्चर घ्यायचंच तर १७२ मिळत नसेल तेव्हा, आणि मग १७२ पूर्ण सोडून.